डावा भोंगा

कोल्डवेल टेरेस, लीड्स
रविवार, १५ ऑक्टोबर २०१७

प्रिय बॉयझी,

चर्चमधून आले, बकऱ्याचा रस्सा मंद आचेवर ठेवला आणि लिहायला बसले. तू आणि जॅनिस मजेत असाल. व्हिटबीच्या त्या वाऱ्यात जॅनिसचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, समुद्राकाठी घर घ्यायची हौस तुझ्या नवऱ्याची आणि दुखणं तुझ्या वाट्याला. इकडे आपल्या जुन्या दोस्ताला, पेम्बर्टनला, नातू झाला. फोनमधला एकच फोटो तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवत फिरतो. चर्चच्या गाण्याच्या मंडळात आता आम्ही सातआठ जणीच उरलो आहोत, आणि त्यातल्या प्रत्येकीला वाटतं की वरची पट्टी देवाने तिलाच दिली आहे.

पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण फोनवर तू ऐकत नाहीस. परवा मी दोन वाक्यं बोलले नाही तोच तू पोलीस ठाण्यातला आवाज काढलास, "हे बघ व्हर्लिन, आधी शांत हो." अरे, मी तुझी मोठी बहीण आहे, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. तू निवृत्त झालास, तुझा तो आवाज मात्र अजून नोकरीत आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. पहिल्यापासून सांगते.

ऑगस्टमध्ये आपल्या वेस्ट इंडियन कार्निव्हलला आलास तेव्हा एव्हरार्डने बनवलेला उजवा भोंगा तू पाहिलास. दोन वर्षं माझा नवरा तळघरात राहायला होता म्हटलं तरी चालेल. घरात गाणं ऐकायचं तर भोंग्यातूनच ऐकायचं, दुकानातल्या डब्यांतून नाही, हा त्याचा जुना हट्ट. आतला पडदा लहान, मग लांब घसा, मग मोठं तोंड. आत हळू बोललं तरी बाहेर मोकळं ऐकू येतं, ओरडावं लागत नाही. हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच, पण पोलिसात गेल्यापासून तू या गोष्टी विसरलास असं मी धरून चालते.

हे भोंगे कोपऱ्यात बसणारे आहेत. लाकडी पेटीत आवाजाची वाट दुमडून दुमडून बसवलेली, आणि पेटीच्या बाहेर भोंग्याचं उरलेलं तोंड म्हणजे खोलीच्या दोन भिंती. अर्धा भोंगा एव्हरार्डने बनवला आणि अर्धा हे घर बांधणाऱ्याने. आमच्या या जुन्या घराचा एकही कोपरा सरळ नाही हे तुला माहीत आहेच. कारखान्यात मी कोटाच्या खांद्याचा कागद बेतायचे, तसा त्याने प्रत्येक कोपऱ्याचा पुठ्ठा कापून घेतला. उजवी पेटी डाव्या कोपऱ्यात बसत नाही आणि डावी उजव्यात. शेजारच्या हॅगर्टीबाईंच्या घरात तर कुठलीच बसायची नाही.

आणि एवढं सगळं मोजणाऱ्या या सुताराने तळघराचा जिना मोजला नव्हता! पेटी तयार झाली, वर आणायला गेला, तर वळणावर अडकली. मी इतकी हसले की मला पायरीवर बसावं लागलं. मग काय, कोळसा टाकायच्या जुन्या खिडकीची चौकट काढायची, पेटी मागच्या बोळात ओढायची, ढकलगाडीवर घालून वळसा मारून पुढे आणायची. पुढच्या दारातही मावत नाही, म्हणून पुढच्या खोलीची खिडकी काढून आत घ्यायची. उजवा भोंगा असाच आत आला.

त्या दिवशीचं आठवतं का? उजवा भोंगा पूर्ण आवाजात वाजत होता, एव्हरार्ड त्याच्याकडे तोंड करून उभा होता. तू पार त्याच्या डाव्या हाताला, खिडकीच्या पडद्यापाशी, जॅनिसच्या कानात कुजबुजलास, "याला वेड लागलंय." आणि एव्हरार्ड मान न वळवता म्हणाला, "ऐकलं बरं का, बॉयझी." जॅनिसच्या हातातलं आल्याचं सरबत सांडलं होतं. गालिच्यावर डाग अजून आहे.

डावा भोंगा सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी आत यायचा होता. भर सकाळ, स्वच्छ ऊन. एव्हरार्ड आणि पेम्बर्टनने पेटी खांद्यावर घेतली होती, हॅगर्टीबाई काढलेली तावदानं धरून उभ्या होत्या, आणि मी आतून उंबऱ्यावर, म्हणजे खिडकीच्या उंबऱ्यावर, घोंगडी अंथरत होते. तेवढ्यात गाडी थांबली. दोन पोलीस उतरले, दोघंही आपल्या मुलांच्या वयाचे.

"काय चाललंय, मित्रा?" त्यातला लाल दाढीचा म्हणाला. मैत्री कधी झाली देव जाणे.

"भोंगा घरात घेतोय," एव्हरार्ड म्हणाला.

"कुणाच्या घरात?"

"माझ्या."

"मग दारातून का नाही नेत?"

"दारात मावत नाही."

"पावती आहे याची?"

"पावती कोण देणार? मीच बनवलाय."

लाल दाढीवाला हसला. मागच्या बोळात दोन काळे पुरुष तळघराच्या खिडकीतून सामान काढताहेत, असा कुणीतरी फोन केला होता म्हणे. पेम्बर्टनला गप्प बसवेल तो माणूस अजून जन्माला यायचाय. तो म्हणाला, "साहेब, चोर खिडकीतून माल बाहेर नेतात. आम्ही आत नेतोय. एवढा आळशी चोर तुम्ही पाहिलाय का?"

मग दुसरा हॅगर्टीबाईंकडे वळला. "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? हे दोघं तुम्हाला त्रास देताहेत का?"

"त्रास?" हॅगर्टीबाई कडाडल्या. "हा एव्हरार्ड तीस वर्षं त्या ट्रम्पेटच्या तबकड्यांनी माझी दुपारची झोप मोडतोय. हे घर याचंच आहे, मेल्या! मी उगाच भिंत बडवत होते का इतकी वर्षं?"

मीही खिडकीतून ओरडून सांगत होते की हा माझा नवरा आहे, हे आमचं घर आहे. मला "जरा मागे व्हा" एवढंच उत्तर मिळालं. मॅडमसुद्धा नाही. एव्हरार्ड म्हणाला, "माझं लायसन आत कोटाच्या खिशात आहे, आणतो," आणि वळला. वळताना त्यांनी त्याचा हात धरला. खांद्यावर पेटी. "सोडा, पेटी पडेल," तो म्हणत होता. त्याने पेटी सोडली नाही, आणि न सोडणं म्हणजे झटापट, असं त्यांनी ठरवलं. पेटी आणि एव्हरार्ड दोघं फरशीवर आले. त्याला थोडं लागलं, कानाशी खरचटलं. ते जाऊ दे.

त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. पेटी चोरीचा माल म्हणून गाडीत घालून नेली. अर्धी वस्तू आमच्या भिंतीत आहे, ती चोरून आणणार कुठून? हॅगर्टीबाईंनी आणि आमच्या पाद्रींनी जबाब दिले तेव्हा कुठे पेटी परत आली, एका बाजूला ओरखडा आणि वर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली. माफीचा शब्द नाही. उलट आता म्हणतात, पोलिसांच्या कामात अडथळा आणला हे कबूल कर, ताकीदपत्रावर सही कर, प्रकरण मिटलं. नाहीतर कोर्ट. एक डिसेंबरपर्यंत उत्तर द्यायचंय. तू फोनवर म्हणालास, सही करा आणि मोकळे व्हा. एव्हरार्ड विचार करतोय. मी करत नाही.

आणखी एक. डावा भोंगा कोपऱ्यात अगदी चपखल बसला, पण बोलत नाही. उजवा गातो, डावा मुका. त्यांनी गाडीत आपटला असणार. एव्हरार्ड रोज खोलून बघतो.

रस्सा झाला. जॅनिसला माझं प्रेम सांग.

तुझी,
व्हर्लिन


रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय बॉयझी,

तुझं पत्र मिळालं आणि जॅनिसने पाठवलेले धुरी दिलेले मासेही. मासे उत्तम होते.

पत्राबद्दल मात्र काय म्हणू? बहिणीला लिहिताना कुणी "उपलब्ध माहितीच्या आधारे" असं लिहितं का? "दोन्ही बाजूंनी थोडा संयम हवा होता" हे वाक्य मी पेम्बर्टनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खांद्यावर तेवढं ओझं घेऊन मी मुंगीसारखा उभा होतो. आणखी संयम म्हणजे काय, मरायचं होतं?" तू लिहिलंस की त्या मुलांना कुणीतरी फोन केला होता, त्यांना यावंच लागलं. येऊ देत ना! आले, पाहिलं, विचारलं, उत्तर मिळालं. मग एक गोरी म्हातारी, एक बायको आणि एक घराचा मालक तेच सांगत असताना कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवायला त्यांना जड गेलं? एव्हरार्डच्या जागी हॅगर्टीबाईंचा नवरा असता, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, तर त्या पोरांनी पेटीला हात लावून आत घ्यायला मदत केली असती. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

ठाऊक आहे म्हणूनच मला तुझा राग येतो.

आईच्या कपाटाची आठवण काढते, रागावू नकोस. तू आणि एव्हरार्डने ते फोडून भोंग्यांच्या पहिल्या पेट्या केल्या होत्या. आईने या देशात आल्यावर घेतलेलं पहिलं लाकडी सामान! ती झाडू घेऊन तुझ्या मागे रस्त्यावर धावली, आणि त्याच शनिवारी तळघरातल्या पार्टीत त्याच पेट्यांसमोर सगळ्यात जास्त तीच नाचली. तुझा कान तेव्हा सगळ्या लीड्समध्ये नावाजलेला. पेटीवर बोटाची टिचकी मारून तू सांगायचास की कुठली फळी खोटी आहे, बेसूर बोलते. एव्हरार्ड कापायचा, तू ऐकायचास. दोघांची मिळून एक विद्या होती.

मग पोलिसांनी धाड घातली आणि कुऱ्हाडींनी पेट्या फोडल्या. पेट्या! त्यांनी कुणाचं काय घेतलं होतं? तू दुसऱ्या दिवशी अंगणात फळ्यांचे तुकडे गोळा करत होतास. वर्षभरात तू पोलिसात भरती झालास. गल्लीतल्या लोकांनी तुला नावं ठेवली, बाबांनी सांगितलं, "आत आपलं कुणीतरी हवं." एव्हरार्डने तुला एका शब्दाने दुखावलं नाही. तो म्हणाला होता, "बॉयझीचा कान चांगला आहे. तिथेही कामाला येईल."

मग सांग, आला का कामाला? मी टोमणा मारत नाही, खरंच विचारते. मागे एकदा नाताळात दोन पेले रम पोटात गेल्यावर तूच मला सांगितलं होतंस. साध्या कपड्यांत, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या ठाण्याच्या हद्दीत तुला किती वेळा बाजूला घेतलं. तू लायसनच्या आधी पोलिसांचं ओळखपत्र पुढे करायचास आणि समोरचा एकदम "सॉरी, सार्जंट" म्हणायचा. ज्याच्या खिशात ते ओळखपत्र नाही त्याने काय पुढे करावं, बॉयझी? बाबांनी शिकवलं होतं तसं, नजर खाली, हात दिसतील असे, आणि "हो साहेब"? बाबांनी आयुष्यभर तेच केलं. किती वेळा सोडलं त्यांना त्याने?

हे सगळं तू मला सांगितलंस, जॅनिसला सांगितलंस. वरच्या कुणाला कधी सांगितलंस का?

तू लिहिलंस की अजून ओळखी आहेत, "कुणाशी तरी बोलतो." नको. दाराआड कुणाच्या कानात बोलून मिळालेली सूट आम्हाला नको. एव्हरार्डने काही केलेलंच नाही, मग सूट कशातून?

त्याचं सांगायचं तर बरा आहे. डाव्या भोंग्यात गुंतलाय. आधी तारा बदलल्या. मग आतला पडदा काढून उजव्यात घातला, तर तो उजव्यात छान वाजला. उजव्यातला डाव्यात घातला, तो गप्प. "कोपऱ्यातच काहीतरी बिघडलंय," म्हणतो. कोपऱ्यात काय बिघडणार? क्लबात डॉमिनोज खेळायला जाणं त्याने सोडलंय. फार गोंगाट असतो, म्हणतो. तिथल्या म्हाताऱ्यांनी डॉमिनो टेबलावर आपटला नाही तर त्यांना खेळल्यासारखं वाटत नाही हे खरं, पण तो स्वतः सगळ्यांत जोरात आपटणारा. रस्त्याने चालताना मला खांद्याला धरून उजव्या बाजूला घेतो. दारावरची बेल वाजली की मागच्या दाराकडे जातो. थंडी पडली की माणूस असा होतो. वय झालंय आमचं.

एक गोष्ट लिहायची होती. आज राहू दे.

जॅनिसला सांग, माशांचा धूर तीन दिवस स्वयंपाकघरात होता आणि मला तो आवडला.

तुझी रागावलेली, पण तुझीच,
व्हर्लिन


रविवार, ३ डिसेंबर

प्रिय बॉयझी,

तब्येतपाणी, हवापाणी पुढच्या वेळी विचारेन. मागच्या पत्रात राहिलेली गोष्ट आधी लिहिते.

डावा भोंगा मुका नाही. तो पहिल्या दिवसापासून वाजतोय.

मला हे मागचं पत्र लिहिलं तेव्हाच कळलं होतं. तो बाजारात गेला असताना मी तबकडी लावली आणि दोन्ही भोंग्यांच्या मध्ये उभी राहिले. मग डाव्याजवळ गेले. कपाळावर ट्रम्पेटची हवा लागावी इतका स्वच्छ. मी गाणं बंद केलं आणि भांडी घासायला घेतली. त्याला काय सांगणार होते? आणि तुला लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मूर्खपणा, दुसरं काय.

मग दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी दुपारी तो डाव्या भोंग्यासमोर गुडघे टेकून बसला होता, हातात स्क्रूड्रायव्हर. गाणं दोन्ही भोंग्यांतून चालू होतं; त्याला सगळा आवाज उजव्यातूनच येतोय असं वाटत असणार. मी इस्त्री करत होते. भोंगा इतका गात होता की माझ्या पायाखालच्या फळीला कळत होतं. "बघ, अजून हूं का चूं नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"वाजतोय?" त्याने विचारलं.

"वाजतोय."

त्याने भोंग्याच्या तोंडावर तळहात ठेवला. मग डोकं वळवलं, उजवा कान तिकडे केला. परत वळवलं. परत उजवा केला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "म्हणजे भोंगा शाबूत आहे."

बॉयझी, त्याला आनंद झाला होता रे. दोन वर्षांचं काम वाया गेलं नाही म्हणून आनंद. मी इस्त्री तशीच शर्टावर ठेवून रडले. शर्ट जळला.

दवाखान्यात नेलं. डाव्या कानाची आतली नस गेली आहे, परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाला. डोकं आपटल्याने असं होतं का विचारलं, तर होऊ शकतं म्हणाला. मग त्याने कागदावरून वर न बघता विचारलं, "तुम्ही आयुष्यभर मोठ्या आवाजात गाणी ऐकलीत का?" एव्हरार्डने खरं सांगितलं. तो खरंच सांगतो, हीच त्याची अडचण आहे. आमची वकीलबाई तरुण आहे, हुशार आहे, दर वाक्याला "मिस्टर क्लॅक्स्टन" म्हणते. तिने सांगितलं, कोर्टात ते हेच धरतील. म्हातारा माणूस, जुना पार्टीवाला, कान आधीच गेलेला होता. पकडण्याआधीच्या महिन्यात त्याला डाव्या कानाने ऐकू येत होतं, हे सांगणारं कुणी आहे का, बायको सोडून?

आहे, मी म्हटलं. पण त्याचं नाव सांगितलं नाही. आधी तुला विचारते आहे.

शुक्रवारी ताकीदपत्राचा शेवटचा दिवस होता. आदल्या दिवशी मला वाटलं होतं की तो आता सही करेल. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की करू दे. मला भीती वाटते, बॉयझी. तो सत्तरीला आलाय, आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढला नाही, दोषी ठरला तर हे त्याच्या नावाला चिकटेल, आणि चर्चमध्ये त्या सातआठ जणी काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. मी कागद आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. त्याने पेन बाजूला सारलं. "सही केली तर हा कान मीच पाडला असं होईल," तो म्हणाला. "बाकी काय म्हणायचं ते त्यांनी म्हणावं. हे मी म्हणणार नाही."

आम्ही चौघं ठाण्यात गेलो. एव्हरार्ड, मी, पेम्बर्टन, आणि हॅगर्टीबाई त्यांच्या चर्चच्या टोपीत. काउंटरवरच्या पोलिसाने कागद उलटसुलट करून पाहिला. एव्हरार्डच्या डाव्या बाजूने तो काहीतरी बोलला. एव्हरार्ड वळला.

"या बाजूने बोला, साहेब," तो म्हणाला. "दुसरी बाजू तुमच्याकडे जमा आहे."

आवाज चढवला नाही की नजर खाली केली नाही. काउंटरवरच्या माणसाने कागद खाली ठेवला. मग हॅगर्टीबाई म्हणाल्या, "पावती द्या त्याची. तुम्हाला पावत्या फार आवडतात ना?" पेम्बर्टन इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. सुनावणी फेब्रुवारीत आहे.

आज चर्चमधून आल्यावर एव्हरार्डने पुढची खिडकी सताड उघडली. डिसेंबरात! मी कोट घालून बसले. दोन्ही भोंगे लावले, आईला आवडायची ती तारवाद्यांची तबकडी, ज्यावर ती झाडू विसरून नाचली होती. पलीकडच्या घरातली पोरं फाटकाशी येऊन उभी राहिली. हॅगर्टीबाईंनी भिंत बडवली आणि ओरडल्या, "एवढं लावायचंच असेल तर नीट मोठ्याने लाव!" पोलिसांची गाडी आली, खिडकीसमोर हळू झाली. एव्हरार्ड खुर्चीतून हलला नाही. त्याने आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. जेवढा होता तेवढाच ठेवला. गाडी थोडा वेळ थांबली आणि गेली.

गाणं संपल्यावर त्याने मला विचारलं, "डावा कसा बोलतो? खर्जाची बाजू येते का नीट?" मी म्हटलं, येते. पण मी कोट शिवणारी बाई, मला ट्रम्पेट आणि बासरीतला फरक कळतो एवढंच. त्याने मान हलवली. त्याला माझं उत्तर पुरत नाही हे मला दिसलं. त्याला कुणाचं उत्तर हवंय तेही दिसलं. त्याने नाव घेतलं नाही, घेणारही नाही.

तू म्हणाला होतास कुणाशी तरी बोलतो. तर मग बोल. फेब्रुवारीत कोर्टात ये, तुझा तो ठाण्यातला आवाज घेऊन ये, हवं तर पदकं लावून ये, आणि ऑगस्टमध्ये पडद्यापाशी उभा राहून तू काय कुजबुजलास आणि त्याने काय उत्तर दिलं, एवढंच सगळ्यांसमोर सांग. सरकारी वकील तुला विचारेल, तुम्ही त्याचे मेहुणे ना? विचारू दे. तुम्ही त्याच नोकरीत होता ना? विचारू दे. जुने सहकारी तुझ्याशी बोलणं टाकतील, नाताळची कार्डं बंद होतील. आमच्याशी तर लोकांनी तुझ्यामुळे बोलणं टाकलं होतं, तरी दरवर्षी तुझं ताट आम्ही मांडलं. बाबा म्हणाले होते, आत आपलं कुणीतरी हवं. तू इतकी वर्षं आत होतास. आता एक दिवस बाहेर येऊन उभा राहा.

आणि त्याआधी एका रविवारी जेवायला ये. उजवी खुर्ची आता त्याची आहे, कारण तिथूनच त्याला ऐकू येतं. डावी मी रिकामी ठेवली आहे. तिथे बस, तबकडी संपेपर्यंत बस, आणि डावा भोंगा कसा बोलतो ते त्याला खरं खरं सांग. फळी खोटी असेल तर तेही सांग, त्याला चालेल.

फोन करू नकोस. यायचं तर ये. जॅनिसला आण, तिच्यासाठी सरबत केलेलं असेल, सांडलं तरी हरकत नाही.

ताकीदपत्र कोरं परत गेलं. या घरातून या आठवड्यात एकच सही बाहेर जाते आहे, ती ही.

व्हर्लिन एडिथ क्लॅक्स्टन,
जन्माने लिबर्ड, तुझ्यासारखीच